गाठ सापडली, पुढे काय?



मी कवी माणूस. तेव्हा थायरॉईडच्या गाठीवर हा काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं तर त्यात वावगं काही नाही. पण या गाठीशी माझी गाठ पडली आहे. गेली तीन वर्षं ती माझ्या गळ्यात मुक्कामाला आहे. या तीन वर्षांत डॉक्टरांना जे विचारलं, त्यांनी जे समजावून सांगितलं आणि तपासणीच्या कागदांवर जे वाचायला शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. औषध सांगणं माझं काम नाही. कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी येते, तेवढं सांगतो.

मराठीत 'गाठ' हा शब्द मोठा गुणी आहे. लग्नाची गाठ असते, मित्रांच्या गाठीभेटी असतात. जुनी माणसं अनुभव गाठीला बांधतात, शेतकरी पेरणीसाठी चार पैसे गाठीशी ठेवतो. पण तोच शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला की घर एकदम गप्प होतं. चहा तसाच निवून जातो. आणि मग माणसं दोन टोकांना जातात. काही जण त्याच रात्री जमीन विकून मुंबई गाठायच्या गोष्टी करतात. काही जण, विशेषतः आपल्या बायाबापड्या, गळ्यावरचा पदर किंवा ओढणी जरा वर ओढून घेतात आणि वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. थायरॉईडच्या बहुतेक गाठींना एवढी घाईही लागत नाही आणि इतकी हयगयही परवडत नाही. लागते ती शिस्त. एकामागून एक, ठरलेल्या क्रमानं जायचं.

आधी ही ग्रंथी काय आहे ते पाहू. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला बिलगून ती बसलेली असते. फुलपाखरानं पंख पसरावेत तसा आकार. मोठ्या माणसात वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण तो शब्द पुस्तकातच राहिला. अन्नातलं आयोडीन घेऊन ती हार्मोन तयार करते. काळजाचे ठोके, अंगातली ऊब, पचन, मुलांची वाढ, या सगळ्याचा वेग त्या हार्मोनवर ठरतो.

आपल्याकडे 'मला थायरॉईड आहे' असं म्हणायची पद्धत पडली आहे. तशी थायरॉईड प्रत्येकालाच असते. म्हणणाऱ्याला सांगायचं असतं ते हे, की ग्रंथीचं काम कमी तरी झालंय किंवा जास्त तरी. गाठ ही त्याहून वेगळी बाब. काम ठीक चाललेलं असतं, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असतो आणि तरीही गाठ असू शकते. उलट, काम बिघडलेलं असूनही गाठ नसू शकते. एवढा फरक लक्षात घेतला तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

आता या गाठी किती जणांत असतात? जिथं आहारात आयोडीन पुरेसं आहे, तिथंसुद्धा हाताला लागेल अशी गाठ शंभरातल्या साधारण ५ बायकांना आणि १ पुरुषाला असते. सोनोग्राफीचं यंत्र लावलं तर हा आकडा कितीतरी वाढतो. वेगवेगळ्या पाहण्यांत तो शंभरात १९ पासून ६८ पर्यंत निघाला आहे. म्हणजे या घटकेला ऐकणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या गळ्यात छोटी गाठ असेल आणि तिचा पत्ता तुम्हाला जन्मभर लागणारही नाही. सापडलेल्या गाठींपैकी कर्करोगाच्या निघतात त्या शंभरात ७ ते १५. बाकीच्या साध्या. हा हिशेब मनात ठेवावा. भीती पूर्णपणे जाणार नाही, पण ती आपल्या जागी बसेल.

लहानपणी आमच्या घरात एक गलगंड होता. माझी फुफी, म्हणजे वडिलांची बहीण. तिच्या गळ्यात काळ्या पोतीच्या लच्छ्याखाली लिंबाएवढी गाठ होती, ती पुढे पेरूएवढी झाली. आम्हा पोरांना वाटायचं, फुफीचा गळा असाच असतो. गळ्यात काळ्या दोऱ्याचा तावीज होता, तो त्या गाठीवर टेकलेला असायचा. उताणं झोपलं की तिचा श्वास वाजायचा. त्या काळी घाटावरच्या आमच्या गावातून तालुक्याच्या दवाखान्यात बाईमाणसाला न्यायचं म्हणजे ते बाळंतपण अडल्यावरच. तिनं आयुष्य त्या गाठीसह काढलं आणि ती गाठ कसली होती, हे कुणालाही कधी कळलं नाही. मला आज वाईट वाटतं ते याचं. गाठ साधी असेलही, पण ते कळायला तरी हवं होतं.

गलगंड हा जुना आजार. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे. त्याचं मोठं कारण आयोडीनची कमतरता, हे आपल्या देशात स्पष्टपणे दाखवून दिलं ते हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं काम सुरू केलं. काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एका भागात साधं मीठ चालू ठेवलं. काही वर्षांतच आयोडीनचं मीठ खाणाऱ्यांमधला गलगंड उतरलेला दिसला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचं नाव आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम असं झालं, कारण कमतरतेचा फटका गळ्यापुरता नसतो. पोटातल्या बाळाच्या मेंदूलाही तो बसतो. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. चिमूटभराचा प्रश्न आहे, पण तो चुकवून चालत नाही.

इथं आपल्या जिल्ह्यासाठी दोन गोष्टी सांगतो. आपल्या घाटाखाली पूर्णेच्या काठानं खारपाणपट्टा आहे. पाणी खारट आहे म्हणून त्यात आयोडीन भरपूर असेल, असा काहींचा समज असतो. पाण्याच्या खारेपणावरून आयोडीनचा अंदाज बांधता येत नाही. दुसरं, उपवासाला सैंधव वापरण्याची रीत आहे आणि अलीकडे आरोग्याच्या नावाखाली ते रोजच्या भाजीतही आलं आहे. त्यात आयोडीन घातलेलं असतंच असं नाही. उपवासाला खुशाल वापरा, पण रोजच्या मिठाचं पाकीट वाचून घ्या. मात्र एकदा मोठ्या माणसाच्या गळ्यात गाठ झाली, की मीठ बदलल्यानं ती विरघळत नाही. आणि कुणी सांगितलं म्हणून आयोडीनच्या किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या गिळू नका. आयोडीन जास्त झालं तरी ही ग्रंथी बिघडते.

आता पहिली पायरी. गाठ असल्याची शंका आली तर आरशासमोर उभं राहून घोटभर पाणी प्या. गिळताना गाठ वर सरकत असेल, तर ती थायरॉईडची असण्याचा संभव मोठा. एवढं पाहिलं की पुरे. दिवसातून दहा वेळा चाचपत बसू नका, शेक देऊ नका, चोळू नका. गावातल्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांना गळा दाखवा.

माझी गाठ मला सापडलीच नाही. ती सापडली आमच्या केशकर्तनालयवाल्याला. दाढीचा वस्तरा गळ्याशी आला आणि तो थांबला. म्हणाला, "भाऊ, इथं काईतरी गोटीसारखं लागून रायलं." रोज शंभर गळ्यांवरून हात फिरवणारा माणूस तो, त्याच्या बोटांना कळलं. घरी सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "दुआ मैं करती, दवा तुम करो." आमच्या जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर सगळ्या जातीधर्मांची माणसं दुखणी घेऊन येतात. दुआला माझी कधीच ना नाही. पण दुआनं धीर येतो आणि तपासणीनं निदान होतं. दोघांची कामं वेगळी आहेत, ती एकमेकांवर ढकलू नयेत.

डॉक्टर पहिल्यांदा काही प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं घरूनच तयार करून न्या. गाठ केव्हापासून आहे? काही आठवड्यांत भराभर वाढली का? आवाज बसलाय आणि तीन आठवडे झाले तरी सुटत नाही, असं आहे का? गिळायला अडतं का? उताणं झोपल्यावर श्वास कोंडतो का? गळ्याच्या बाजूला आणखी गाठी लागतात का? लहानपणी मानेला किंवा डोक्याला किरणोपचार दिले होते का? घरात कुणाला थायरॉईडचा कर्करोग झाला होता का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर पुढच्या पायऱ्या लवकर चढायच्या. गाठ लहान मुलाला असेल, तरीही चालढकल नको.

दुसरी पायरी रक्ताची. टीएसएच नावाची एक तपासणी. मोठा पाच पानी प्रोफाइल पहिल्याच दिवशी लागत नाही. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीनं थायरॉईडला धाडलेला हुकूम समजा. थायरॉईड काम कमी करत असेल तर हुकूम वाढतो, जास्त करत असेल तर कमी होतो. टीएसएच नॉर्मल आला म्हणजे गाठ साधी, असा अर्थ मात्र कधीही काढू नका. तो ग्रंथीच्या कामाबद्दल सांगतो, गाठीच्या स्वभावाबद्दल नाही.

इथं एक सूचना, शेगाव तालुक्यातल्या श्रोत्यांसाठी मुद्दाम. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी पाण्यावर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. त्या प्रकाराचा थायरॉईडच्या गाठीशी संबंध जोडण्याचं कारण नाही. पण केस गळतात म्हणून बायोटिन असलेल्या गोळ्या घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. रक्त तपासण्याच्या काही पद्धतींत बायोटिन घोटाळा करतं. टीएसएच खोटाच कमी दिसतो. म्हणून अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा आणि रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा.

टीएसएच खरोखरच कमी आला, तर डॉक्टर थायरॉईडचा स्कॅन सांगतात. किरणोत्सारी द्रव्याचा अगदी छोटा डोस देऊन गाठ ते किती शोषते हे पाहतात. भराभर शोषणारी ती गरम गाठ. गरम गाठ कर्करोगाची निघणं फार दुर्मिळ. हे शास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉईडच्या रुग्णांसाठी हेच काम करत आलं आहे. अणुशक्ती म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो. पण तुर्भ्याला तयार झालेलं आयोडीन परळच्या रुग्णांच्या गळ्यापर्यंत पोहोचलं आणि त्यानं माणसं बरी केली, हेही आठवायला हवं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला मात्र ही तपासणी किंवा हा उपचार देत नाहीत.

तिसरी पायरी सोनोग्राफी. तीही पोटाची नव्हे, गळ्याची, आणि ज्यांना गळ्याची सवय आहे अशा डॉक्टरांकडून. सीटी स्कॅन किंवा एमआरआय यांची सुरुवातीला बहुधा गरज नसते. सोनोग्राफीच्या कागदावर गाठीची तीन मापं असतात. गाठ पाण्यानं भरलेली आहे की भरीव, आजूबाजूपेक्षा काळपट दिसते का, कडा सरळ आहेत की वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, आत बारीक चुन्याचे ठिपके आहेत का, गळ्यातल्या इतर गाठी सुजल्या आहेत का, हे सगळं पाहून गाठीला १ ते ५ असा दर्जा देतात. त्याला टायरॅड्स म्हणतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं मांडलेली ही पद्धत आता आपल्याकडच्या रिपोर्टवरही दिसते. त्या हिशेबानं १ आणि २ दर्जाला सुई घालायची गरज नाही. ३ असेल तर गाठ अडीच सेंटिमीटर झाल्यावर, ४ असेल तर दीड सेंटिमीटरला आणि ५ असेल तर एक सेंटिमीटरला सुईची तपासणी करायची. रिपोर्टवर हा दर्जा लिहिलेला नसेल तर विनम्रपणे विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

माझी गाठ २१ मिलिमीटरची, भरीव, दर्जा चौथा. म्हणजे चौथी पायरी चढणं आलं, सुईची. तिला एफएनएसी म्हणतात. नेहमीच्या इंजेक्शनपेक्षाही बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी काढतात आणि काचपट्टीवर पसरून पाहतात. दोन-चार मिनिटांचं काम. टोचल्यासारखं होतं, दिवसभर गळा थोडा ठणकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगायची. 'सुई घातली की कॅन्सर पसरतो' ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. मलाही तीन जणांनी अडवलं. डॉक्टरांनी सांगितलं, की थायरॉईडमध्ये या बारीक सुईनं तसं होणं अतिशय दुर्मिळ आहे. सुई टाळल्यानं होणारं नुकसान मात्र रोज दिसतं. ते मला पटलं.

सुईचा निकाल सहा गटांत देतात. त्याला बेथेस्डा पद्धत म्हणतात, तिची ताजी आवृत्ती २०२३ ची आहे. पहिला गट म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. दुसरा म्हणजे साधी गाठ. त्यात कर्करोग निघण्याचा संभव शंभरात ४ च्या आसपास. तिसरा आणि चौथा हे अधांतरी गट, संभव अनुक्रमे २२ आणि ३० च्या आसपास. पाचवा म्हणजे दाट संशय, शंभरात ७४. सहावा म्हणजे कर्करोग, शंभरात ९७. रिपोर्ट हातात आला की हा एक आकडा शोधा आणि त्याच्यावर बोला. 'चांगला आहे' किंवा 'थोडं तसंच आहे' अशा मोघम शब्दांवर घरी येऊ नका.

माझा पहिला निकाल पहिल्या गटातला आला. पेशी अपुऱ्या. पुष्कळ माणसं इथं समजतात की 'काही निघालं नाही'. तसं नाही. काही निघालं नाही आणि काही कळलं नाही, यात फार अंतर आहे. सोनोग्राफीत पाहत पाहत पुन्हा सुई घातली. तो निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत माझ्या मनात कर्करोगापेक्षाही एक गोष्ट जास्त घोळत होती. थायरॉईडच्या अगदी मागून आवाजाची नस जाते. ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागला तर आवाज बसतो, क्वचित कायमचाही. माझ्याजवळ आवाजाखेरीज काय आहे? मुशायऱ्यात, कविसंमेलनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात मी याच आवाजावर उभा राहिलो. एका रात्री उठून मी माझीच एक कविता मोठ्यानं म्हणून पाहिली. दुसरा निकाल आला, गट दुसरा. साधी गाठ.

मग नातेवाईक म्हणाले, काढूनच टाका, कटकट मिटेल. हे ऐकायला बरं वाटतं. पण साध्या, त्रास न देणाऱ्या गाठीला बहुधा लक्ष ठेवणं हाच उपचार असतो. सोनोग्राफीत ती कशी दिसते त्यावर एक ते दोन वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी. वाढ झाली असं केव्हा म्हणायचं, यालाही नियम आहे: तीनपैकी दोन मापांत २० टक्क्यांची आणि निदान २ मिलिमीटरची वाढ. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवायचे. गाठ 'जिरवण्यासाठी' थायरॉईडची गोळी देण्याची जुनी रीत आता सोडून देतात. गाठ गिळायला, श्वासाला अडत असेल, खूप मोठी असेल किंवा सुईचा निकाल संशयाचा असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. माझी गाठ तीन वर्षांत २१ ची २२ झाली. एवढा फरक मोजणाऱ्या हाताचाही असू शकतो.

नुसतं शोधत सुटलं की काय होतं, याचा धडा दक्षिण कोरियानं दिला आहे. तिथं १९९९ पासून कर्करोगाच्या तपासण्यांची मोठी मोहीम सुरू झाली आणि तिच्या जोडीला दवाखाने थोड्या पैशात गळ्याची सोनोग्राफीही करू लागले. २०११ मध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जिथल्या तिथं राहिलं. म्हणजे ज्या बारीक गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो गळ्यांवर सुरी चालली. जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा रुग्णालयानं १९९३ पासून उलट वाट धरली. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची चिन्हं नसलेल्या कर्करोगाच्या गाठींवरही त्यांनी फक्त नजर ठेवली. त्यातल्या बहुतेक वर्षानुवर्षं वाढल्या नाहीत. ज्या वाढल्या त्यांचं ऑपरेशन तेव्हा केलं आणि ते रुग्णही चांगले राहिले. म्हणून काही त्रास नसताना, स्वस्तात मिळते म्हणून गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ नका. पण गाठ हाताला लागली असेल तर या गोष्टीची ढाल करून घरी बसूही नका.

आणि कर्करोग निघालाच तर? आमच्या गल्लीतल्या एक शिक्षिका आहेत. त्यांचा निकाल सहाव्या गटाचा आला, पॅपिलरी नावाचा प्रकार. थायरॉईडच्या कर्करोगांत हाच सगळ्यांत जास्त आढळतो आणि बहुतेक वेळा तो सावकाश चालणारा असतो. वेळेत उपचार झाले तर अशी बहुसंख्य माणसं पुढचं आयुष्य नीट जगतात. त्यांचं ऑपरेशन झालं. जाण्याआधी आम्ही दोघांनी बसून सर्जनला विचारायचे प्रश्न एका वहीत लिहिले. अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण? अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? आवाजाच्या नसेची काळजी कशी घेणार, आधी स्वरयंत्र तपासणार का? कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी तिथंच असतात, त्या वाचवता येतील का? नंतर किरणोत्सारी आयोडीन लागेल का? सर्जननी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. बाई आज पाचवीचा वर्ग शिकवतात आणि त्यांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो.

पूर्ण ग्रंथी काढली की गोळी जन्मभर. थायरॉक्सिनची ही गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासानं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. रमजानमध्ये आमच्याकडे हा प्रश्न नेहमी येतो. सहेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून घ्या, किंवा रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी झोपताना घ्या. कोणतं जमेल ते डॉक्टरांशी बोलून महिना लागण्याआधीच ठरवा. रोजा आणि गोळी यांचं भांडण नाही.

राहिला पैशाचा आणि अंतराचा प्रश्न. घाटाखालची मंडळी अकोल्याला किंवा जळगावला जातात, घाटावरची छत्रपती संभाजीनगरला. २०२४ मध्ये बुलढाण्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. टीएसएच आणि सोनोग्राफी या दोन पायऱ्या जिल्ह्यातच चढता येतात. त्यासाठी मुंबई लागत नाही. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. दाखल होण्याआधीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथं चौकशी करा.

आणि एक फाईल करा. साधी, दहा-वीस रुपयांची. त्यात रक्ताचे, सोनोग्राफीचे, सुईचे कागद तारखेप्रमाणे लावा. सुईच्या काचपट्ट्या लॅबमधून मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर त्याच लागतात. शेवटच्या पानावर पुढच्या सोनोग्राफीचा महिना ठळक लिहून ठेवा आणि तो घरातल्या लिहित्या-वाचत्या पोराला किंवा पोरीला सांगा. विशेषतः घरातल्या बाईच्या बाबतीत. तिच्या तारखा सगळ्यांच्या तारखांनंतर येतात आणि मग येतच नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, गळा दाखवा, टीएसएच करा, सोनोग्राफीचा दर्जा विचारा, लागली तर सुई घ्या, आणि निकालाचा आकडा समजून घेऊन मगच ठरवा. पायरी गाळू नका आणि एका पायरीवर बसून राहू नका. एवढी खूणगाठ आज बांधली तरी माझं बोलणं सार्थकी लागलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)